जावईबापू, शी म्हणू नका

"शी!" म्हणाला तो. माझ्या गिरणीत, गिऱ्हाइकाच्या तोंडावर, त्याच गिऱ्हाइकाच्या जिऱ्याच्या पुडीतून नाक वर काढून.

समोर शाळेच्या बाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा झाला की कुणी त्यांच्या सगळ्या खानदानालाच नावं ठेवली असावीत. मी पुडी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि तोंडभर हसले. "नवीन आहेत हो. जावई माझे," असं बाईंना म्हणाले, आणि मनात म्हटलं, मेल्या, हे नाक आहे की नळाची तोटी? तोंडावर अहोजाहो आणि पोटात अरेतुरे, असंच चाललं होतं माझं तेव्हा. काय करणार, जावई पडला ना.

"पण आई, घामाचा वास आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "काखेतला."

"जिऱ्याला जिऱ्याचाच वास येतो, जावईबापू."

"हो, तोच सांगतोय मी."

कप्पाळ माझं! तीस वर्षं मी मसाल्याची गिरणी चालवते. पुढे एक खोली, मागे एक. पुढच्या खोलीत कांडप, काटा, माझं स्टूल आणि भिंतीवर सव्वीस डबे. मागच्या खोलीत पोती. भिंतींना कधीकाळी पांढरा रंग होता, आता खाली हळदीचा आणि वर मिरचीचा आहे. गिरण्या काय, कोपऱ्या-कोपऱ्यावर आहेत. माझ्याकडे लोक येत ते माझ्या नाकासाठी. हुंगल्याशिवाय एकही पुडी मी कांडपात टाकत नसे. बायका बाजारातून सामान आणून सरळ माझ्या नाकासमोर धरायच्या आणि मी सांगायचे, हे धणे गेल्या वर्षीचे. ही दालचिनी नव्हे, कसलीतरी साल आहे. या लवंगांचं तेल आधीच काढून घेतलंय, तुम्हाला चोथा विकलाय. एकदा मी मान हलवली की वाणीसुद्धा मुकाट्यानं पुडी परत घ्यायचा. दुकानावर पाटी अशी नाहीच. सगळे मला नाकवाली म्हणायचे, तीच पाटी.

आणि लोकांच्या पुड्यांतून मी काय काय पाहिलंय ते सांगितलं तर तुम्ही महिनाभर अळणी जेवाल. मिरचीत विडीचं थोटूक. खसखशीत मुंग्यांची अंडी. मोहरीत कापलेलं नख. एकदा तर बडीशेपेत दात निघाला, माणसाचा, किडका. जिच्या पुडीत निघाला ती म्हणाली, "मावशी, तेवढा काढा आणि बाकीचं दळा." म्हणजे बघा! तेव्हापासून मला माणसांच्या हातांची किळस येते. कुणी ओल्या चमच्यानं डबा उघडला तरी मी तो घासून घेते.

अशा माझ्याकडे हे रत्न आलं. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होता, पांढरे हातमोजे घालून काम करायचा. कारखाना बंद पडला. माझी मुलगी म्हणाली, "आई, त्यांना तुझ्याकडे घे, शिकव. घरात बसून बसून ते भिंतीशी बोलायला लागलेत." पोटच्या पोरीनं गळ घातली की कुठली आई नाही म्हणते? दुसऱ्या दिवशी सकाळी हे साहेब इस्त्रीचा शर्ट आणि घडीचा रुमाल घेऊन हजर. दारातच तीन शिंका. मग रुमाल उघडून, त्यात काय आलं ते पाहून, पुन्हा घडी घालून खिशात! ते पाहून मला सकाळचा चहा वर आल्यासारखं झालं.

आणि अडाणी किती? ओवा, जिरं, बडीशेप याला सगळं एकच. शहाजिऱ्याला केर म्हणाला. मेथीचे दाणे पाहून, "हे खडे निवडून टाकायचे ना?" जायफळ हातात घेऊन विचारतो, "हे कशाचं लाकूड?" शिकवायचं तरी कुठून!

आता जे सांगते ते तेव्हा कुणाला म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीलासुद्धा नाही.

माझं नाक मेलं होतं. दोन वर्षांपूर्वी मला ताप आला, सर्दी झाली, दहा दिवस नाक बंद. अकराव्या दिवशी श्वास मोकळा झाला, पण वास काही परत आला नाही. मी हिंगाच्या डबीत नाक घातलं, तर पाण्याच्या तांब्यात घातल्यासारखं. फिनाईल हुंगलं, काही नाही. म्हटलं आठवडाभरात येईल, मग म्हटलं महिन्यात येईल. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि खांदे उडवले. जेवणात गोड, खारट, आंबट, कडू आणि मिरचीचा जाळ तेवढा कळायचा, बाकी सगळी माती. कुणाला सांगणार? नाकवालीचं नाक गेलं म्हटल्यावर माझ्या दारात कुत्रं तरी आलं असतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पुड्या नाकाशी धरत राहिले, डोळे मिटून लांब श्वास घेत राहिले, आणि निवाडा द्यायचे तो डोळ्यांनी आणि बोटांनी.

तेही काही खोटं नव्हतं हं. तीस वर्षं हात मसाल्यात आहेत. लवंगेला नख रुतवायचं, तेल सुटलं तर चांगली. जिरं तळहातावर चोळायचं, हात काळा झाला तर रंग दिलाय. मिरी पाण्यात टाकायची, खरी बुडते आणि पपईची बी तरंगते. हळकुंड मोडून आतला रंग पाहायचा. दालचिनीचा तुकडा कानाशी धरून मोडायचा, चांगली असली तर कटकन आवाज येतो. मिरची हलवली की आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. एवढ्यावर दोन वर्षं निभावलं. कुणाचं पोट दुखलं नाही, कुणी तक्रार केली नाही, आणि मीही स्वतःला म्हणत गेले की नाक काय, नुसता देखावाच असतो.

हेच सगळं मी जावयाला शिकवायला लागले. तो ऐकायचा, मोडायचा, चोळायचा, पण शेवटी नाक खुपसायचाच. शिवाय एक लांबट वही आणली होती. रोज एक डबा काढायचा, हुंगायचा आणि लिहायचा.

"वापर सांगा ना, आई."

"हिंग. डाळीला. पोटात वारा धरतो त्याला. तेल तापलं की चिमूटभर, जास्त घातला तर सगळं भांडं ओतावं लागेल."

"शी," तो डबी लांब धरून म्हणाला. "उघड्या गटाराचा वास आहे हा. आणि लोक हे आपणहून खातात?"

"तुम्हीही खाता, जावईबापू. परवा माझ्याकडे दोनदा डाळ मागून घेतलीत."

तो पांढराफटक पडला, तोंडावर रुमाल धरला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पण गिऱ्हाइकं असताना हे चालणार नव्हतं. एकीच्या मेथीला तो शी म्हणाला, दुसरीच्या लसणाच्या तिखटाला. दिवसातून दहा वेळा मी म्हणायचे, "जावईबापू, शी म्हणू नका. इथे धंदा आहे. नाकाने कांदे सोलायचे तर घरी सोला."

एक दिवस तो बँकेत गेला आणि वही स्टुलावर विसरला. दुसऱ्याच्या वहीत डोकावणं वाईट, पण मी काही साधूसंत नाही. उघडली.

"जिरे: काखेतला घाम. तेलात पडले की घाम जातो, भाजलेल्या मातीसारखा होतो. डाळ, भाजी, ताक." "ओवा: सांधेदुखीचं मलम. पोटाला. पिठात मळून." "वेलची: दवाखान्यातून आणलेलं गुलाबाचं फूल." असं काहीबाही. आणि मग, "दालचिनी: शाळेत पेन्सिलीला टोक काढल्यावर यायचा तो, पण गोड. पहिला वास जो पुन्हा घ्यावासा वाटला. भातात एक तुकडा."

मी स्टुलावर बसून ते वाचलं आणि मला दालचिनी आली. नाकात नाही, कपाळाच्या मागे कुठेतरी, पण आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी वहीवर चिडले, त्याच्यावर चिडले आणि वही होती तशी ठेवून दिली. मग मात्र तो बाहेर गेला की मी वही उघडायचेच. चोरून, एखाद्या शाळकरी पोरीसारखी. लाज वाटायची, पण सुटत नव्हतं.

पुढे त्याच्या भावाचा पाय मोडला. चार दिवस तो भावाकडे राहायला गेला. मी म्हटलं, सुटले.

त्याच दिवशी घाऊक व्यापाऱ्याकडून धण्यांचं पोतं आलं होतं. सुरेख धणे. हिरवट पिवळे, टपोरे, एकसारखे, दाबले की दोन फाका. मी वरून माप भरभरून काढत गेले. दुसऱ्या दिवशीपासून गिऱ्हाइकं जरा विचित्र वागायला लागली. एक जण दारातूनच, "उद्या येते हं मावशी," म्हणून गेली. शाळेच्या बाई आल्या, पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या.

"काय दळताय आज, मावशी?"

"धणे."

"धणे? हं. नवीन जात असेल."

"यंदाचा माल आहे," मी ऐटीत म्हणाले. "असे धणे पाहायला मिळत नाहीत."

त्यांनी पदर आणखी घट्ट दाबला. पुडी ठेवली आणि गेल्या. शेजारच्या शिंप्यानं मधली खिडकी लावून घेतली, त्यालाही मी मनात शिव्या घातल्या. दुपारी त्याच पोत्याला पाठ टेकून मी डबा खायचे. तीन दुपारी. हे लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्याची मागणी भरायची होती. सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात माझा मसाला जायचा, अकरा वर्षं. दीडशे आजाऱ्यांचं जेवण. मी धणे, जिरे, थोडी मिरी, तमालपत्र, बेताची मिरची असं दळलं. पोत्यात आता हात खोल घालावा लागत होता. दोन-तीन ढेकळं लागली. म्हटलं ओल धरली असेल, आणि हातानं चुरून कांडपात टाकली. नऊ वाजता हातगाडीवाला डबे घेऊन गेला.

दहाच्या सुमाराला जावई आला. पिशवी खांद्याला, चेहरा प्रवासाचा. पायरीवर एक पाय ठेवला आणि तसाच मागे फिरला. गटाराशी वाकला आणि भडाभडा ओकला.

"अगंबाई! काय खाऊन आलात?"

"आई," तो तोंड पुसत म्हणाला. "आई, आत काय मेलंय?"

"काही मेलं नाही. चार दिवस मसाल्याची सवय मोडली तुमची. झालं नाकाने कांदे सोलणं सुरू!"

त्यानं रुमाल नाकाला बांधला, मला ओलांडून मागच्या खोलीत गेला. मी त्याच्यामागे बडबडत. मिरचीच्या पोत्यापाशी थांबला, नाही. हळदीपाशी, नाही. धण्यांच्या पोत्याशी गेला आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले. इस्त्रीच्या शर्टाची बाही वर केली आणि ज्यानं कधी हातमोज्याशिवाय काचेला हात लावला नव्हता त्या माणसानं आत हात घातला.

शेपटी आधी आली. मग बाकीचा. फुगलेला, केस झडलेला, पोटाकडून फुटलेला, आणि त्याच्या अंगाला माझे टपोरे धणे चिकटलेले. माझं माप जिथवर पोचलं होतं त्याच्या चार बोटं खाली होता. पोत्याला खालून भोक होतं. शेजारच्या गोदामात उंदरांचं औषध टाकलं होतं, ते खाऊन इथे मरायला आला असणार. भोवतालचे धणे ओले, काळे, ढेकळं झालेले.

ढेकळं. मी माझ्या हातांकडे पाहिलं. सकाळी चुरली होती ती या हातांनी.

पोटातून उमासा आला खरा, पण तो डोळ्यांनी पाहिलेल्याचा. नाकात अजूनही काहीच नव्हतं. ते सडकं जनावर माझ्यापासून हातभर अंतरावर लोंबत होतं आणि मला स्वच्छ हवा येत होती. किळस कशाची जास्त आली ते सांगू? त्या स्वच्छ हवेची.

जावई माझ्याकडे पाहत राहिला. त्याचं तोंड रुमालाखाली होतं, पण डोळ्यांत सगळं दिसलं.

"तुम्हाला येत नाही," तो म्हणाला. "आई, तुम्हाला वासच येत नाही."

मग घड्याळाकडे लक्ष गेलं.

"दवाखाना," मी म्हणाले. "सकाळी दवाखान्याचा मसाला गेला. बारा वाजता वाढतात."

त्यानं उंदीर कागदात गुंडाळला, हात फिनाईलनं धुतले, माझेही धुतले, लहान मुलाचे धुतात तसे. फोन लावला, स्वयंपाकघरात कुणी उचलेना. तो रस्त्यावर धावला आणि रिक्षा घेऊन आला. रिक्षात तोच म्हणाला, "आई, ऐका. मी सांगतो की मी दळलं. मी नवीन आहे, मला कळलं नाही. माझ्यावर कुणाचा विश्वास तसाही नाही. तुमचं नाव राहील."

या माणसाला मी तीन महिने मेल्या म्हणत होते. मी रिक्षाबाहेर पाहिलं. आणि खोटं का बोलू, मला ते पटलं. हायसं वाटलं. मी म्हणाले, "बरं." एवढंच म्हणाले, बरं. दवाखान्याचं फाटक येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते, कशी रागावेन, कशी त्याच्याकडे बोट दाखवीन.

दवाखान्याचं स्वयंपाकघर म्हणजे लांबलचक खोली. मोठमोठी पातेली, वाफ, फरशीवर पाणी, तीन मदतनीस बायका. मोठी आचारीणबाई पातेल्यापाशी उभी होती, माझ्याच वयाची, दणकट. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं बाई तुम्ही आलात! अहो, माझी तर मतीच गुंग झालीय." तिनं माझा हात धरून पातेल्याकडे नेलं. आत डाळ रटरटत होती. "सकाळी तुमचा डबा उघडला आणि मला असा भपकारा आला म्हणता! उलटीच व्हायची राहिली. या पोरी पण म्हणाल्या, मावशी, काहीतरी कुजलंय. मी त्यांना झापलं. म्हटलं, नाकवालीच्या मसाल्याला नावं ठेवता? तुम्हाला काय कळतं? डब्यावर तिचं नाव आहे. परवा मला ताप होता, म्हटलं माझंच नाक बिघडलं असेल. आणि घातला डाळीत."

मदतनीस बाया खाली मान घालून उभ्या होत्या. एकीनं पदराचा बोळा नाकाशी धरला होता, पण मला पाहून चटकन काढला. मला लाज वाटू नये म्हणून!

"आता तुम्हीच सांगा," आचारीणबाई म्हणाली, आणि पळीभर डाळ काढून माझ्या नाकासमोर धरली. "तुम्ही चांगलं म्हटलंत की झालं. वाढायला घेते."

सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. वाफ माझ्या नाकात गेली, गरम, ओली, आणि बस. गरम पाण्याची वाफ असते तशी. सवयीनं माझे डोळे मिटले होते, लांब श्वासही घेतला गेला होता. दोन वर्षं हेच करत आले होते मी.

"मावशी, माझी चूक आहे," जावई मागून बोलला. "ते मी दळलं. मी नवीन..."

"गप्प बसा, जावईबापू."

मी डोळे उघडले. "मला काही येत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे चांगलं आहे?"

"म्हणजे मला वासच येत नाही, बाई. दोन वर्षं झाली, माझं नाक मेलंय. धण्यात उंदीर कुजला होता. मी दळलं, मीच, यांनी नाही. हे आले, दारात ओकले आणि यांनी शोधला. तुमचं नाक बरोबर आहे. या पोरींचंही. ओता ते."

पातेल्याखालचा गॅस कुणीतरी बंद केला. आचारीणबाईच्या हातात पळी तशीच होती.

"कुणी खाल्लं का?" मी विचारलं.

"चव पाहिली मी," ती सावकाश म्हणाली. "दोनदा." मग तिनं पळी खाली ठेवली आणि माझा धरलेला हात सोडला. सोडून तो पदराला पुसला. "दोन वर्षं? म्हणजे दोन वर्षं तुम्ही नुसतंच नाटक करत होतात? आणि मी या पोरींना... अहो, मी माझ्या नाकावर विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर ठेवला."

किडका दात निघालेल्या पुडीकडे मी ज्या नजरेनं पाहिलं होतं, त्या नजरेनं ती माझ्याकडे पाहत होती. चुकीचं काय होतं त्यात? मीही तसंच पाहिलं असतं.

तिनं माझे डबे दोन बोटांनी उचलून दाराबाहेर ठेवले. त्या दिवशी आजाऱ्यांना मीठ-हळदीची साधी डाळ उशिरानं मिळाली. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक तिथेच संपलं. बातमी आमच्याआधी गल्लीत पोचली होती.

आठवडाभर गिरणीत चिटपाखरू फिरकलं नाही. आम्ही दोघांनी मागची खोली रिकामी केली, सगळा माल पुरून टाकला, भिंती खरवडल्या, कांडप खोलून एकेक भाग उकळत्या पाण्यात घातला. जावईबापू घासत होते, काचा घासायचे तसे, उजेडात धरून. मुलगी येऊन रडून गेली. "मला तरी सांगायचंस," म्हणाली. संध्याकाळी मी त्यांना वही आणायला सांगितली.

"उंदीर लिहिलात का?"

"ते कशाला, आई?"

"लिहा. मला कळायला हवं, मी तीन दुपारी कशाला टेकून जेवले."

त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "मेलेला उंदीर: आधी गोड, नासलेल्या फुलांसारखा. मग घशात तेलासारखा बसतो, पाणी प्यायलं तरी जात नाही." पुढे वापर लिहायची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. मी उठून मोरीत गेले आणि मग मात्र खरंच ओकले.

नवव्या दिवशी शाळेच्या बाई आल्या. पायरीवर थांबल्या, आधी हवेत श्वास घेऊन पाहिला. माझं स्टूल आता जावईबापूंकडे होतं, मी खाली पाटावर लसूण सोलत बसले होते. बाईंनी जुन्या सवयीनं पुडी माझ्या नाकाकडे आणली. हात मध्येच अडला.

"त्यांना द्या," मी म्हणाले. "मला वास येत नाही."

स्वतःच्या गिरणीत हे मी पहिल्यांदाच म्हणत होते. त्यांनी पुडी जावईबापूंकडे दिली, नाइलाजानं. ते रुमालाला हात पुसून पुडीवर वाकले. जिरं होतं. त्यांना जिऱ्याचा घाम आता चांगला ओळखीचा झालेला, मी आपली निश्चिंत.

"शी!" म्हणाले ते.

बाईंचा चेहरा पुन्हा तसाच झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पुडी ओढून घेईन, हसेन, नवीन आहेत म्हणेन म्हणून. मी पुडीत पाहिलं. जिरं सुंदर दिसत होतं. सडपातळ, स्वच्छ, एकही काडी नाही. चोळून पाहिलं, हात काळा झाला नाही. मी दोन वर्षं हे जिरं बिनदिक्कत दळलं असतं.

"बुरशी आहे," जावईबापू म्हणाले. "ओल्या गोणपाटाची. धुऊन वाळवलंय, पण आहे."

"मावशी?" बाई म्हणाल्या.

"परत करा, बाई," मी म्हणाले. "ते शी म्हणालेत."